एकेचाळिसावे मिनिट

एकेचाळिसाव्या मिनिटाला संगणकाने पुन्हा मान टाकली. पडद्यावरची हिरवी पट्टी जागीच थबकली आणि साकोलीच्या त्या फोटो स्टुडिओत सलग चौथ्या दिवशी तोच संदेश उमटला : रूपांतर होऊ शकले नाही.

"झालं?" सत्यभामाबाईंनी खुर्चीतून विचारले.

"नाही जी, काकू. पुन्हा तिथंच अटकलं." स्टुडिओचा मालक प्रफुल्ल याने कपाळ पुसले.

"चार दिवसांपासून तिथंच अटकून राहिलं. तुह्या मशीनमंधी तिथं गड्डा हाये का काय?"

त्या रोज सकाळच्या बसने एकोडीहून येत, त्याच खुर्चीत बसत आणि काम डोळ्यांसमोर करवून घेत. रूपांतर करायची व्हिडिओ कॅसेट त्यांच्या मुलाच्या, धर्मेंद्रच्या लग्नाची होती, बावीस वर्षांपूर्वीची. प्रफुल्लने ती पेनड्राइव्हवर देण्याची तयारी दाखवली होती. ती सूचना त्यांनी एका शब्दात मोडीत काढली. बोटाएवढ्या कांडीत लग्न कोंबणे त्यांना मान्य नव्हते. त्यांना डीव्हीडीच हवी होती.

वास्तविक लग्नाशीही त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांना अंजू पाहायची होती. धर्मेंद्र नव्या नवरीला घेऊन दारात आला, तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीने, अंजूने, रीतीप्रमाणे दार अडवले होते. चौकटीला दोन्ही हात लावून ती हसत उभी राहिली होती. पुढल्याच वर्षी तिने आपल्या मनाने लग्न केले आणि ती बालाघाटला निघून गेली. त्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी, परसरामजींनी, भिंतीवरचे तिचे सगळे फोटो उतरवले आणि चुलीत घातले. या घरात तिचे नाव निघता कामा नये, असे त्यांनी बजावले. सत्यभामाबाईंनी एकवीस वर्षे तो शब्द पाळला. त्या शब्दासाठी नवऱ्याला क्षमा मात्र केली नाही.

गेल्या पौषात परसरामजी वारले. त्यांच्या कुलूपबंद कपाटात ही कॅसेट निघाली. बालाघाटला गेलेल्या लेकीचा चेहरा या घरात आता एवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक आहे, हे सत्यभामाबाईंना त्या क्षणी उमगले.

प्रफुल्लने प्रयत्नांत कसूर केली नव्हती. त्याने कोऱ्या डीव्हीडी बदलून पाहिल्या. लिहिण्याचा वेग निम्म्यावर आणला. एक प्रोग्राम काढून दुसरा घातला, मग दुसराही काढून पहिल्याची जुनी आवृत्ती शोधून आणली. चित्र मागे पडून आवाज पुढे धावू लागला, तेव्हा आवाज वेगळा काढून पुन्हा जोडला. एकेचाळिसावे मिनिट आले की सारे मुसळ केरात.

"काकू, तेवढा तुकडा कापून टाकू का? अकरा सेकंदं हायेत फक्त. बाकी लग्न एकदम चकाचक निघते."

"बाकी लग्न तूच पाह्यत बस. मले ते अकरा सेकंदं दे."

प्रफुल्ल हसला, पण त्यांचा चेहरा पाहून त्याने हसू आवरले. मग त्याने चार दिवसांत प्रथमच संगणक बाजूला सारला आणि जुना व्हीसीआर थेट टीव्हीला जोडला.

पडद्यावर घर आले. दार आले. दारात अंजू आली. तिने हात पसरले, मान मागे टाकून ती हसली, आणि ती बाजूला होणार एवढ्यात पांढऱ्या रेघांचा लोंढा उसळला. लोंढा ओसरला तेव्हा दार मोकळे होते.

प्रफुल्लने तेवढा भाग तीनदा फिरवून पाहिला. मग कॅसेट बाहेर काढली, झाकण उचलले आणि आतली फीत खिडकीच्या उजेडात धरली.

"मी उगाच प्रोग्रामले शिव्या देऊन राहिलो होतो, काकू. दोष टेपचा हाये. घासली हाये ते."

"जुनी झाली म्हनून?"

"जुनी झाली असती तं सगळीच खराब झाली असती. हे एकाच जागी हाये. चित्र थांबवून ठेवलं का मशीन त्याच जागेवर घासत रायते, तिथला लेप निघून जाते. एकदोन वेळा थांबवून असं नाही होत. कोनीतरी वर्षानुवर्षं थांबवून पाह्यलं असन. रोजच म्हना ना. ताई बाजूले होते, त्याच्या जराशी आधी." तो अडखळला. "तुमी काय जी?"

सत्यभामाबाईंना व्हीसीआर लावता येत नव्हता. धर्मेंद्र लग्नानंतर नागपूरला गेला, तो तिकडचाच झाला. यंत्र परसरामजींच्या खोलीत होते. दुपारचे जेवण आटोपले की ते खोलीचे दार आतून लावून घेत. ते झोपतात, अशी सत्यभामाबाईंची एकवीस वर्षे समजूत होती.

बाहेर लाखांदूरची बस भरून निघून गेली. मग त्यांनी पदर सारखा केला.

"दुरुस्त होते का हे?"

"रेघांच्या मांगं ताई दिसते थोडीशी. एकएक चित्र हातानं काढून जोडावं लागन. आठ दिवस तं लागतीनच. अन् पुरं साफ नाही होनार, आधीच सांगतो."

"साफ नको करू. रेघा राहू दे. फकत मंधात थांबू नको देऊ."

"किती कॉप्या काढू?"

"दोन. एक मले." त्या उठल्या आणि दारापर्यंत जाऊन वळल्या. "दुसरीवर नाव टाकून ठेव."

प्रफुल्लने पेन उचलले. "काय लिहू?"

"अंजूले, तिच्या बाबाकडून."