समोरची बाजू

"काउंटरआर्ग्युमेंट म्हणजे समोरच्याला झोडपणं नव्हे," इंग्रजीच्या बाई म्हणाल्या. "आधी त्याची बाजू अशी मांडायची, की त्यानेच मान डोलवावी. मग खंडन."

परीक्षा तोंडावर आली होती. थिसिस म्हणजे आपलं मत; एथॉस, पॅथॉस, लोगॉस म्हणजे विश्वासार्हता, भावना, तर्क. निबंधाच्या शब्दांनी फळा भरला होता. खिडकीजवळच्या बाकावर बाईंची स्वतःची लेक बसली होती. आठवडाभर मायलेकींत अबोला होता.

लेक तान्ही असताना तिचे वडील घर सोडून गेले होते. आता ते परगावी एकटेच अंथरुणाला खिळले होते, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. परीक्षा झाली की लेकीला त्यांच्याकडे जायचं होतं. "गेलीस तर या घराचं दार विसर," एवढं बोलून बाईंनी विषय मिटवला होता.

"उदाहरण कोण देतंय?"

लेक उभी राहिली. "आपल्या भाषेत बोललं तर चालेल?"

बाईंना नाही म्हणता आलं नाही.

"माझं मत असं, की मुलीने आजारी वडिलांकडे जावं. आता समोरची बाजू." ती शांतपणे बोलू लागली. "मुलगी तापाने फणफणायची तेव्हा हा बाप कुठे होता? आईने घरी शिकवण्या घेऊन दिवस काढले, कुणापुढे हात पसरला नाही. आता कुठे मुलीचं कॉलेज सुरू होणार, तर तिने त्याची उष्टी काढायला जायचं?" तिने आईकडे पाहिलं. "आणि एक गोष्ट ती आई कधीच बोलत नाही. मुलगी गेली, तर घरात बोलायला भिंतीच उरतील. मुलगी परत येणारच नाही, अशी तिला भीती वाटते."

बाईंची मान नकळत डोलली.

"अगं, मग खंडन?" मागच्या बाकावरची आगाऊ मुलगी कुजबुजली. वर्ग तिला 'वकीलीण' म्हणायचा.

"नाहीये," लेक म्हणाली. "बोलता बोलता मलाच पटलं. मी नाही जात, बाई." आणि ती खाली बसली.

बाई जिंकल्या होत्या. हेच ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. मग छातीवरचा धोंडा हलत का नव्हता? त्यांनी लेकीकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटून ती बाकाकडे बघत होती. या वयात मन मारून बसण्याची ही रीत ती कुठे शिकली, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

"खंडन मी करते." बाईंनी खडू खाली ठेवला. "तो नवरा म्हणून वाईट होता, यात वाद नाही. पण ते त्या दोघांचं भांडण. मुलीने ते का वाहावं? आणि अशा माणसाचीसुद्धा जिला कणव येते, तिला वाढवलं कुणी? त्या आईनेच ना? मग परत येणार नाही, ही भीती कसली?"

कुणीच काही लिहून घेत नव्हतं. बाई लेकीच्या बाकापाशी जाऊन थांबल्या.

"गाडी किती वाजताची आहे, ते आधी सांगून ठेव," त्या हळूच म्हणाल्या. "तुझा नि त्यांचा, दोघांचा डबा करायचा म्हणजे वेळ लागतो मला."