संताजीचा उजवा हात

“हात खांद्यापासून काढावा लागेल, आजच,” सर्जनबाई म्हणाल्या. “आतले स्नायू मेलेत. त्यांचं विष मूत्रपिंडात उतरतंय.”

संताजी सतरा वर्षांचा होता. तालमीच्या गच्चीवर झेंडा उभारताना त्याच्या हातातला लोखंडी पाइप विजेच्या तारेला टेकला होता. त्याचे वडील सर्जेराव म्हणजे गावातले जुने पैलवान.

“पैलवानाचा हात हाय तो. कापायचा न्हाई,” ते म्हणाले.

“आप्पा, कापू द्या की,” संताजी खाटेवरून कळवळला. “एका हातानं जगंन मी.”

“थोटं पोरगं घेऊन गावात फिरू व्हय? गप पड.”

पोरगा अठराच्या आतला, त्यामुळं संमतीपत्रावर सही वडिलांनी करायची होती आणि ती त्यांनी केली नाही. आई भिंतीला टेकून उभी होती.

मग सर्जनबाईंनी दंडापासून मनगटापर्यंत कातडी उभी चिरून आतला दाब मोकळा केला आणि मेलेले स्नायू जमतील तेवढे काढले. थंड पडलेला हात गरम झाला, बोटं हलली. सर्जेरावांनी वॉर्डभर पेढे वाटले.

त्याच संध्याकाळी संताजीची लघवी बंद झाली. डायलिसिस केलं, पण उपयोग झाला नाही. पोरगा गेला.

गावी नेण्यासाठी त्याला चादरीत गुंडाळलं, तेव्हा सर्जेराव कोपऱ्यात बसून हुंदके देत होते. आईनं चादर सारली, बँडेज बांधलेला उजवा हात बाहेर काढला आणि नवऱ्यापुढं धरला.

“ह्यो वाचलाय न्हवं?” ती म्हणाली. “जावा घेऊन तालमीत.”