अंगठ्याची दोरी

बाहत्तरच्या दुष्काळात बनाबाई कळंबच्या रस्त्यावर खडी फोडायची. लिंबाच्या फांदीला झोळी, झोळीत तिची सुजाता, आणि झोळीची दोरी बनाबाईच्या पायाच्या अंगठ्याला. हातानं हातोडा, पायानं झोका.

सुजाता वर्षाची होत आली होती. खालचे दोन दात आले होते, पण पोर अजून धरूनसुद्धा उभी राहत नव्हती.

"राहील की उभी. कशाला जिवाला लावून घेतीस?" शेजारी खडी फोडणाऱ्या मथुराबाई म्हणायच्या.

त्या दुपारी मथुराबाईच ओरडल्या, "बना, बघ की गं! लेक चालायली!"

खडीच्या ढिगाला वळसा घालून, दोन्ही हात पुढं करून सुजाता एकटी चालत येत होती. बनाबाईनं हातोडा टाकला, बसल्या जागीच तिला छातीशी घेतलं. तिला हसूही आलं, रडूही आलं.

तेवढ्यात अंगठ्याची दोरी ताणली गेली.

झोळी अजून भरलेलीच होती. आत लेकरू जागं होऊन रडायला लागलं. ते रडणं ऐकून बनाबाईला पान्हा फुटला.

मथुराबाई हसायच्या थांबल्या.

बनाबाईनं झोळीकडं मान वळवली. मांडीवरच्या लेकरानं तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड हळूच आपल्याकडं फिरवून घेतलं.