जळलेली नळी

"नळी जळली," रायफलची पेटी काउंटरवर ठेवत आर्लन सॅथर म्हणाला. मुलगी पहिली आली हे सांगतानाही माणूस इतका फुलत नाही.

बंदुका दुरुस्त करणारा गॉर्डी हात पुसत लेथ यंत्राजवळून पुढे आला. कॉफीच्या भांड्यापाशी ठाण मांडून बसलेल्या म्हाताऱ्या हार्लनने कान टवकारले. नॉर्थ डकोटातल्या त्या नेमबाजांच्या गावात नळी जळणं म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नसे. हजारो गोळ्या गेल्याशिवाय ती जळत नाही. आळशाची नळी त्याच्या नातवाला मिळते.

"माझ्या पोराची बारा वर्षं टिकलीय," हार्लन म्हणाला.

"टिकेल नाही तर काय," आर्लन म्हणाला. "तुझा पोरगा रायफल घेऊन फोटो काढतो. आमची पोरगी ब्रिटा गोळ्या झाडते."

हार्लन खुदकन हसला आणि त्याने कप पुन्हा भरून घेतला.

गॉर्डीने पेटी उघडली. ही अर्धस्वयंचलित रायफल बापलेकीने एकेक भाग जमवत स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडली होती. काम नीटस होतं. पण गेल्या उन्हाळ्यात ब्रिटा राज्याच्या संघात जाता जाता राहिली, एका गुणाने. तेव्हापासून तिच्या गोळ्या फाकतच चालल्या होत्या. येत्या शनिवारी पुन्हा निवड होती.

त्याने नळीत बारीक कॅमेरा सोडला आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला. काय दिसणार, हे त्याला ठाऊक होतं. सकाळीच ब्रिटाचा फोन आला होता.

"गॉर्डी, बाबा येतायत. नळी जळलीय असं मी त्यांना सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा."

"आणि खरं काय आहे?"

"ते तोंडाकडून लोखंडी सळई घालून साफ करतात. आजोबांच्या जुन्या फौजी रायफलीत मागून सळई जातच नसे, तीच सवय. घासून घासून तोंडाची कड गेलीय. गोळी सुटताना कलते." ती जरा थांबली. "तो एक गुण कुणामुळे गेला हे कळलं, तर बाबा माझ्या रायफलीला पुन्हा हात लावणार नाहीत. रविवारी गॅरेजमध्ये आम्ही दोघं बसतो ना, ते मला मोडायचं नाहीये."

"आणि संघ?"

"संघही हवाय. म्हणून तर तुम्हाला फोन केला."

पडद्यावर नळीचा घसा, म्हणजे गोळी जिथून आत शिरते तो भाग, अजून धारदार दिसत होता. जळल्याची खूण नाही. गोळी बाहेर पडते त्या तोंडाची कड मात्र एका अंगाने पार झिजलेली. गॉर्डी गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलला नव्हता. गावात त्याची तेवढीच मिरवण्यासारखी कमाई होती.

"जळलीय," तो म्हणाला. "पार गेली."

"ऐकलंस?" आर्लन हार्लनकडे वळला. "पार गेली म्हणतोय."

"साफ कोण करतं?" हार्लनने विचारलं.

गॉर्डीने पडदा बंद केला.

"मी. ती झाडते, मी पुसतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"तर मग निम्मं श्रेय तुझं."

"पोरीचंच आहे सगळं. मी नुसता चिंधीवाला."

गॉर्डीने घाईघाईने तीन नळ्या काउंटरवर मांडल्या. पहिली स्टेनलेसची. नेमाला अचूक, पण लवकर जळणारी. दुसरीला आतून क्रोमचा मुलामा. वर्षानुवर्षं टिकेल, पण नेमात किंचित ढिली. तिसरी काळी, भट्टीत कडक केलेली, दोन्हींच्या मधली. तिच्या तोंडाची कड वाटीच्या तळासारखी आत बसवलेली होती. सळई वाकडी गेली तरी तिथवर सहसा पोचली नसती. आर्लनच्या गळ्यात हीच मारायची, असं गॉर्डीने ठरवलं होतं. काय काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं.

आर्लनने एकेका नळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला. तिसरीवर तो थांबला.

"ही दे."

"स्टेनलेस नको?" हार्लन म्हणाला. "सगळी पोरं तीच घेतात."

"घेऊ देत. ही टिकेल."

गॉर्डीची सगळी तयारी वाया गेली. आंधळ्याचा नेम लागला म्हणायचं, असं मनाशी म्हणत त्याने रायफल पकडीत आवळली.

दुपारपर्यंत नळी बसली. हार्लन जेवायला घरी गेला होता. गॉर्डीने मागच्या अंगणातल्या मातीच्या बांधावर पाच गोळ्या झाडून पाहिल्या. कागदावरची भोकं एकमेकांना चिकटली होती. आर्लन तो कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला.

"शनिवारी ती संघात जाणार," तो म्हणाला. विचारत नव्हता, सांगत होता.

"जाणार."

गॉर्डीने पेटीवर एक प्लास्टिकचं नळकांडं ठेवलं. "सळई यातून घालायची, मागच्या बाजूने. नव्या नळीबरोबर फुकटच येतं."

आर्लनने ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात घातलं. पेटी बंद केली. दाराशी जाऊन तो वळला. सकाळी होता तसाच चेहरा फुललेला होता.

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, गॉर्डी. पोरीचेही होतात. तिचा फोन येईल, तेव्हा तेवढं सांग तिला, बापाला काही पत्ता लागला नाही म्हणून."