खोली बाराचा रेडिओ

"घरी तोंडातून शब्द काढायचा नाही," काका म्हणाले. "पाहुणे आले की मोरीत जाऊन बसायचा. इथे आला आणि रेडिओ झाला. रेडिओच म्हणायचे ना तुम्ही त्याला?"

"हो काका," तिघंही एकदम म्हणाले.

होस्टेलच्या त्या खोलीत तीन मुलं होती आणि खाटा चार. चौथीवर काका बसले होते, आपल्या मुलाचं सामान ट्रंकेत भरत. मुलगा तापाने गेला त्याला आठवडा झाला होता. रेक्टरांनी तिघांना आधीच तंबी दिली होती : काकांशी नीट बोला, विचारतील तेवढंच सांगा, आणि हसू नका.

"त्याच्या आईने तर आख्ख्या गल्लीत सांगितलं. आमच्या पोराला कॉलेजात रेडिओ म्हणतात, एवढा बोलतो." काकांनी एक शर्ट झटकून घडी केली. "तुमची नावं पाठ आहेत आम्हाला. पैलवान कोण तुमच्यातला?"

पैलवान उठला. काकांना वाटलं, हा पैलवानाला बोलवायला निघालाय. ते त्याच्या मागे दाराकडे बघत राहिले.

"मीच काका."

काकांनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याला खिळा तापवून तीन जादा भोकं पाडलेली होती.

"बरं," काका म्हणाले. "आणि बुटक्या?"

बुटक्या उठला, आणि पंखा लागू नये म्हणून सवयीने मान वाकवून उभा राहिला. त्यामुळे तो काकांना नमस्कार करतोय असं वाटलं. काकांनी त्याला आशीर्वाद दिला.

उरला टकल्या. तो उठेना. त्याच्या डोक्यावर एवढं रान होतं की कंगवा आत गेला की त्याला शोधायला दुसरा कंगवा लागायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्याला टक्कल असतं तर बरं झालं असतं.

"टकल्या बाहेर गेलाय का?" काकांनी विचारलं. "त्याला भेटल्याशिवाय येऊ नका, असं बजावलंय त्याच्या आईने. शेवटच्या फोनवर पोरगा म्हणाला, ताप आहे, पण काळजी करू नका, टकल्या जवळ आहे. म्हणून तर तिने भरलेली पिशवी परत रिकामी केली. नाहीतर निघालीच होती."

खोटं नव्हतं ते. दोन खाटांमध्ये हातभर अंतर होतं. टकल्या कानात इअरफोन घालून भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण जवळ होता.

टकल्या उठला.

काका त्याच्या केसांकडे बघत राहिले. मग पैलवानाकडे. मग वाकलेल्या बुटक्याकडे. आणि ते हसायला लागले.

"अरे, म्हणजे सगळं उलटंच की तुमचं! आणि ती तिकडे टोपी विणत बसली होती. टकल्याला म्हणे, डोकं गार पडत असेल पोराचं!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. रेक्टरांची तंबी होती, पण काकाच हसतायत म्हटल्यावर तिघंही हसले. पैलवान तर खाटेवर कोसळला आणि खाटेला कळलंसुद्धा नाही.

काकांनी डोळे पुसले. दुसरा शर्ट उचलला. एक बाही घडीत घातली, दुसरी घातली, आणि हात तिथेच थांबला.



"मग रेडिओ..." काका म्हणाले.

"नाही काका," टकल्या घाईघाईने म्हणाला. "त्याचं सरळ होतं. त्याचं एकट्याचं सरळ होतं. खूप बोलायचा."

"खूप म्हणजे? डोकं उठायचं आमचं," पैलवान म्हणाला.

"बास कर म्हणायला लागायचं," बुटक्या म्हणाला.

काकांनी तिघांकडे पाहिलं. शर्ट मांडीवर ठेवला.

"काय बोलायचा?"

टकल्याने पैलवानाकडे पाहिलं. पैलवानाने बुटक्याकडे. बुटक्याने पंख्याकडे. एक आख्खं वर्ष होतं. त्यातलं एक वाक्य हवं होतं.

"सांगा की रे. काहीही चालेल. मला तिला जाऊन सांगायचंय."

"लाइट बंद करू का," टकल्या म्हणाला.

"काय?"

"म्हणजे, असं म्हणायचा. लाइट बंद करू का."

रोज झोपायच्या आधी तो बटणाशी उभा राहून एवढंच विचारायचा. तिघंही एका सुरात ओरडायचे, "ए रेडिओ, आवाज कमी!" मग तिघं हसायचे. तोही हसायचा, आवाज न करता.

हे टकल्याने सांगितलं नाही.

"आणखी?" काकांनी विचारलं.

आणखी काही नव्हतं.

काकांनी ट्रंक बंद केली. कडी नीट बसेना तेव्हा टकल्या पुढे झाला आणि गुडघा देऊन त्याने ती बसवली. ट्रंक उचलायला तिघंही धावले, पण ती फार जड नव्हती. काकांनी ती एका हातात घेतली आणि दाराशी गेले. तिथे ते थांबले. त्या खोलीत दिवसासुद्धा अंधार असायचा, ट्यूबलाइट चालूच होती.

काकांनी मोकळा हात बटणावर ठेवला.

"लाइट बंद करू का?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

तिघांच्याही जिभेवर उत्तर तयार होतं.

काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग बटण दाबलं.