धोंडाबाईच्या नावाची नळी

हिराबाईंनी उजवा हात दिला. रक्ताची नळी भरली, कापूस दाबून झाला. मग त्यांनी डावा हात पुढे केला.

"ह्यो धोंडाबाईचा."

डॉक्टर चैताली हसली. पवनेकाठची माणसं थट्टेखोर, हे तिला ठाऊक होतं. पण हिराबाईंचा हात तसाच पुढे, बाही वर सरकवलेली.

"म्हणजे?"

"ती खाली लावणीला हाय. तिचं मी देते. मागल्या खेपेलाबी मीच दिलंतं न्हवं? सावड हाय आमची. तिनं माज्या खाचरात राबायचं, मी तिचं काम वढायचं. तुमचा मानूस येवढ्या लांबनं आल्याला, त्याला मोकळ्या हातानं कसा धाडायचा?"

"मागल्या खेपेला अशा एकूण किती जणींचं दुसरीनं दिलं?"

हिराबाईंनी बोटांवर मोजलं. दोन्ही हातांची बोटं संपली, तेव्हा पहिलं बोट पुन्हा धरलं. "अकरा."

चैताली ओट्यावर खालीच बसली.

सहा वर्षांपूर्वी तिनं भातखाचरात राबणाऱ्या चव्वेचाळीस बायकांचं रक्त दोनदा तपासलं होतं, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा लावणीत. चिखलातून होणारा लेप्टोचा ताप येऊन गेला, की त्याची खूण रक्तात बराच काळ राहते. यातल्या अकरा जणींच्या रक्तातून मात्र ती दोन महिन्यांत पुसली गेली होती. चैतालीनं तसा शोधनिबंध लिहिला आणि तिचं नशीबच उघडलं. जपानपासून ब्राझीलपर्यंत शहाण्यांनी या अकरा जणींवर डोकी फोडली. सहाशे बारा निबंधांनी तिच्या निबंधाचा हवाला दिला. तिचे बाकीचे एकोणतीस निबंध एका पारड्यात टाकले तरी या एकट्याचं पारडं खालीच. सोमवारी तिच्या कॉलेजात प्राध्यापकपदाची मुलाखत होती, आणि अर्जावर सगळ्यात वर हाच आकडा होता.

दुसऱ्या खेपेला ती स्वतः आली नव्हती. आकडेमोड करत बसली होती आणि नळ्या आणायला माणूस धाडला होता. त्याला काय, यादीतलं नाव पुकारलं आणि हात पुढे आला, की झालं. आज, सहा वर्षांनी त्याच बायकांचं रक्त पुन्हा तपासायला मात्र ती स्वतः आली होती.

"धोंडाबाईंना ताप येऊन गेला होता ना?" तिनं विचारलं.

"लय. आठ दिस दवाखान्यात व्हती. मला म्हनाल, तर कदी शिंकबी न्हाई."

डावा हात अजून पुढेच होता. चैतालीच्या हातातल्या नळीवर धोंडाबाईंचं नाव छापलेलं. हेच रक्त तीत भरलं, तर खूण आजही सापडणार नाही. सहा वर्षांनंतरही नाही! म्हणजे जुना निबंध पक्का, वर नवा निबंध, आणि प्राध्यापकपद म्हणजे सोन्याहून पिवळं. शिवाय खोटं तिला बोलावं लागणारच नव्हतं. नुसती सुई टोचायची होती. तिनं रबरी पट्टा उचलला, हिराबाईंच्या दंडाला गुंडाळलाही. मग आपण काय करतोय ते तिला दिसलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

मोबाईल वाजला. तिच्या निबंधाचा आणखी कुणीतरी हवाला दिल्याचा निरोप होता. सहाशे तेरा.

"कुनाचा वो?"

"माझ्यावर भरवसा ठेवणाऱ्याचा."

"मंग बोला की त्याच्याशी."

"बोलावंच लागेल. सगळ्यांशीच," चैताली म्हणाली आणि तिनं पट्टा सोडला. "सोमवारच्या आतच. धोंडाबाई कुठल्या खाचरात आहेत?"

"ती काय, हिरवं लुगडं. पर तुमी कशाला जाताय? कपडं भरतील."

चैताली केव्हाच ओट्यावरून उतरली होती. बांधावर चपला काढल्या, नळ्यांची पेटी छातीशी धरली आणि हिरव्या लुगड्याचा नेम धरून ती सरळ खाचरात उतरली. पाय पोटरीपर्यंत रुतत होते, तरी ती ओढून काढत निघालीच.

ओळीनं वाकलेल्या बायका एकदम ओरडल्या. धोंडाबाई तर कमरेवर हात देऊन उभ्याच राहिल्या.

"अवो डाक्टरीनबाई, फुडं नगा येऊ! लावल्यालं समदं तुडवताय. आमी बगा, मागं सरत सरत लावतो. तुमीबी मागं सरा!"

चैतालीनं खाली पाहिलं. तिच्या पावलांखाली सकाळीच लावलेली रोपं आडवी झाली होती.

बायका खदखदून हसत होत्या. पेटी सांभाळत, आपल्याच पावलांच्या खळग्यांत पाय ठेवत ती एकेक पाऊल मागे निघाली. तिकडून धोंडाबाई कडेकडेनं बांधाकडे यायला लागल्या, येता येता कोपरापर्यंतचा चिखल पाण्यात धुऊन काढत.