दाराबाहेरचा पिवळा रेनकोट

"पळू नको. पळालीस की दम लागतो, आणि पावलं वाजतात. वाकून चाल," ज्ञानेश्वर म्हणाला.

लॅपटॉपसमोर मांडी घालून बसलेली मनस्वी स्वतःच वाकली. ही त्याची चुलत बहीण, वैशाखऱ्याहून सुट्टीला मुरबाडला आलेली. दुपारची जेवणं उरकली आणि तिनं हट्टच धरला, की दादा, तुझा तो झॉम्बीचा गेम मला शिकव.

त्या खेळात अख्खं गाव मेलेलं असतं आणि मेलेलेच रस्त्यावर हिंडत असतात. आपण जगून दाखवायचं, एवढंच. ज्ञानेश्वरनं आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून तिथली एक रिकामी शाळा धरली होती. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, व्हरांड्यात बटाटे लावले होते.

"नळाला पाणी आहे तोवर सगळी भांडी भरून ठेव. पुढं बंद होतं."

"आमच्याकडं मे महिन्यात होतं तसंच की!"

"हां, तसंच. दिवा लावायचा तर आधी पडदा ओढायचा. आणि आत आलं की पहिलं काम, दाराला कडी."

मनस्वी मान डोलवत होती. मग म्हणाली, "दादा, तुझा माणूस लंगडतो का रे?"

"काच लागलीय त्याला. मलमपट्टी मिळाली नाय अजून."

"शिकवणी संपली का गुरुजी?" लॅपटॉपमधून विपुलचा आवाज आला. तो शहापूरला आपल्या घरी बसून खेळत होता. "मनू, तुझ्या दादाला विचार, पहिल्या दिवशी झॉम्बी समजून कपाटाला कोण बडवत होतं."

मनस्वी खुदकन हसली आणि हसता हसता थांबली.

"दारात कोण तो?"

शाळेच्या दाराबाहेर पिवळा रेनकोट घातलेला एक जण उभा होता. पाठीवर बॅग. बाकीचे मेलेले मैदानात कुठंही भरकटत होते. हा मात्र दाराकडं तोंड करून उभा होता.

विपुल म्हणाला, "तो बुधू. महिना झाला त्याला मरून. या गेमात आपण मेलो की झॉम्बी होऊन उठतो, पाठीवरच्या बॅगेसकट. मार त्याला, बॅग आपली."

"बुधूदादा? आमच्या वरच्या पाड्यावरचा? मग तो नवीन माणूस घेऊन का नाय खेळत?"

"त्याच्याकडं नेटवर्क नसतं," ज्ञानेश्वर म्हणाला.

ते खरंच होतं. पाड्यावर रेंज नव्हती. खेळायचं तर बुधूला मोबाइल घेऊन पाड्यामागच्या कातळावर चढावं लागे. फोनही तिथंच वाजे. तो खाली असला की इकडं 'संपर्क क्षेत्राबाहेर आहे' म्हणणारी ती रेकॉर्ड केलेली बाई बोलायची. गेला महिनाभर ज्ञानेश्वर फोन लावत होता आणि दर वेळी तिचाच आवाज ऐकत होता. ऐकून त्याला थोडं बरंही वाटायचं.

खेळात मेला त्या दिवशी बुधू न सांगता शाळेबाहेर पडला होता. "बघ, एकटाच माल भरायला गेला," विपुल म्हणाला होता. बुधू परत आला तेव्हा त्याच्या मागं मेलेल्यांचा घोळका होता, आणि ज्ञानेश्वरनं आतून कडी लावली होती. राहू दे जरा बाहेर, येईल अक्कल. दोघं हसत होते. तुटक तुटक आवाज येत होता, "ज्ञान्या... तुझ्या... दार उघड रे..." मग बुधूची रेंज गेली, पिवळा रेनकोट जागीच थिजला आणि घोळक्यानं त्याला झाकून टाकलं. रेंज परत आल्यावर विपुल म्हणाला, "नवा माणूस बनव आणि ये."

"बरं," बुधू म्हणाला होता. आला नाही.

"दादा, मारू?" मनस्वीनं विचारलं.

"मागच्या दारानं जा. पाठीमागून एकदाच मार. आणि लगेच मागं सर."

तिनं सांगितलं तसंच केलं. पिवळा रेनकोट खाली बसल्यासारखा पडला. तिनं बॅग उघडली.

"काय मिळालं? कुऱ्हाड आहे का?" विपुलनं घाईघाईनं विचारलं.

"पट्ट्या आहेत. जखमेवर बांधायच्या." मनस्वी एकेक वस्तू बघत गेली. "औषधाची बाटली. परत पट्ट्याच. खायला कायच नाय गं बाई. दादा, ह्यानं स्वतःसाठी कायच नाय घेतलेलं."

विपुल हळूच म्हणाला, "ज्ञान्या, तुझ्या पायासाठी गेला होता रे तो."

मनस्वी माणसाला घेऊन आत आली. त्याला बाकावर बसवून तिनं पायाला औषध लावलं, पट्टी बांधली. तो उठला आणि सरळ चालायला लागला. तिनं टाळ्या वाजवल्या.

ज्ञानेश्वर मोबाइल घेऊन खिडकीशी गेला होता. त्यानं बुधूचा नंबर लावला आणि त्या बाईची वाट बघत राहिला. ती बोलली नाही. रिंग वाजू लागली.

रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि आपली आपण थांबली. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली.

"नेटवर्क नसंल तिकडं," मनस्वी म्हणाली. तिचं सगळं लक्ष खेळात होतं. "दादा, मागचं दार उघडंच राहिलं बघ. लावू कडी?"

मैदानातले मेलेले एकेक करून शाळेकडं वळत होते.

"नको," ज्ञानेश्वर म्हणाला. "राहू दे थोडा वेळ."